दहावीनंतर वकिलीकडे जायचंय, अकरावीला कोणते विषय घ्यावेत?

वारणेकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा दहावी झाली. राज्य मंडळ, मराठी माध्यम, ८९ टक्के. बारावीनंतर पाच वर्षांचा लॉचा कोर्स करायचा हे तिचं पक्कं आहे. आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी वकील झालेलं नाही, त्यामुळे हक्कानं विचारावं असं माणूस जवळ नाही.

नातेवाइकांचं म्हणणं, एवढे मार्क आहेत तर सायन्सच घ्या, तिथून कुठंही वळता येतं. शाळेतल्या बाई म्हणतात, आर्ट्स घेऊन राज्यशास्त्र-इतिहास करू दे. शेजारच्यांचा मुलगा कॉमर्स करून लॉला गेलाय. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय आणि त्यात शाखा आधी ठरवावी लागते. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कोणत्या विषयाचा पुढे खरंच उपयोग होतो आणि एखादा विषय न घेतल्यामुळे कुठलं दार बंद होतं का, हे समजून घ्यायचं आहे.

दिवाणी_फौजदारी

वारणेकाठ साहेब, मी मराठवाड्यात जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दाराचं आधी सांगतो. पाच वर्षांच्या कोर्सला बारावी कुठल्याही शाखेची चालते. गुणांची अट आहे ती अशी: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. मुलीला ८९ पडलेत, तेव्हा ही काळजी सोडून द्या. अमुक विषय नाही म्हणून लॉला प्रवेश नाकारला, असं होत नाही.

आता उपयोगाचं. माझं मत सरळ आहे. शाखा कोणतीही घ्या, पण मराठी सोडू नका. अकरावी-बारावीला इंग्रजी घ्यावीच लागते, दुसऱ्या भाषेच्या जागी मात्र बरीच मुलं स्कोअरिंग म्हणून आयटी घेतात. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं असेल तर ठीक आहे. वकील होणाऱ्या मुलीनं ते करू नये. आपल्याकडे जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर), पुरसिस (पक्षकारानं कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), साक्षीदाराची जबानी, सगळं मराठीत चालतं. उच्च न्यायालयात गेलात की इंग्रजी. म्हणजे ज्याला दोन्ही भाषा लिहिता येतात तोच खालपासून वरपर्यंत एक प्रकरण चालवू शकतो.

उलटतपासणीत एक वाक्य रोज येतं: "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी घरी नव्हतो." आता साक्षीदार काय सांगतोय, घरी होता की नव्हता? अशी चाळीस वाक्यं एका जबानीत असतात आणि युक्तिवादाच्या वेळी त्यातलं नेमकं वाक्य बोट ठेवून न्यायाधीशांना दाखवावं लागतं. माझ्याकडे येणारे ज्युनियर कायद्यात कच्चे नसतात. कलम विचारलं की सांगतात. पण मनाई हुकमाच्या अर्जात पक्षकाराची हकीकत एका पानात, तारखांच्या क्रमानं, शुद्ध मराठीत लिही म्हटलं की तासभर कोऱ्या कागदाकडे बघत बसतात. फार वाईट वाटतं, कारण मुलं हुशार असतात.

झुळूक

काका, मी पुण्यात बीए एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी आर्ट्स. म्हणून ताईचा प्रश्न अगदी जवळचा वाटला.

प्रवेश परीक्षांचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय शाखा ठरवू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट असते. आपल्या राज्यात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. क्लॅट हल्ली बारावीच्या वर्षातच, डिसेंबरच्या सुरुवातीला होते. म्हणजे बोर्डाच्या दोन-अडीच महिने आधी. राज्याची एमएच सीईटी बोर्डाची परीक्षा झाल्यावर असते, ती मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा.

म्हणजे क्लॅटची खरी तयारी अकरावीत होते. सायन्सला असणाऱ्या माझ्या मैत्रिणींची ऐन नोव्हेंबरात प्रॅक्टिकलच्या जर्नल, क्लासच्या टेस्ट आणि क्लॅटचे मॉक यांत नुसती फरफट झाली. आर्ट्सला मला रोज वाचायला वेळ मिळाला. हा फरक फार मोठा आहे.

क्लॅटमध्ये पाठांतर कुणी विचारत नाही. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा देतात, त्यात एक तत्त्व असतं आणि ते घटनेला लावायचं असतं. नमुना देते. तत्त्व: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवली तर ती चोरी. घटना: ग्रंथालयाबाहेर दोन सारख्या काळ्या छत्र्या. राघव घाईत स्वतःची समजून दुसऱ्याची छत्री घरी नेतो. चोरी झाली का? नाही, कारण हलवताना हेतू अप्रामाणिक नव्हता. आता पुढे: घरी गेल्यावर त्याला दांडीवर दुसऱ्याचं नाव दिसतं, तरी तो छत्री ठेवून घेतो. आता चोरी? बहुतेक जण हो म्हणतात. पण दिलेल्या तत्त्वात हेतू हलवतानाचा धरलाय, नंतरचा नाही. त्यामुळे उत्तर पुन्हा नाहीच. (तो सुटतो असं नाही. त्यासाठी अपहाराचं वेगळं कलम आहे, भारतीय न्याय संहितेतलं ३१४.) हे उत्तर कुठल्याही शाखेचं पुस्तक शिकवत नाही. लिहिलंय तेवढंच वाचायची सवय लागते, तिथे ते येतं.

प्रमेय

इथे सायन्सच्या बाजूनं लिहिणारा एकजण हवा. मी रसायनशास्त्रात पदवी घेऊन नंतर तीन वर्षांचं एलएलबी केलं. सध्या पेटंटचं काम करतो.

"सायन्समधून कुठंही वळता येतं" हे नातेवाइकांचं वाक्य लॉच्या बाबतीत फक्त एका ठिकाणी खरं ठरतं. पेटंट एजंटची, म्हणजे पेटंट कार्यालयात इतरांच्या वतीनं पेटंटचे अर्ज चालवणाऱ्याची, परीक्षा द्यायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. तशी अटच पेटंट कायद्याच्या कलम १२६ मध्ये आहे. बीए एलएलबी झालेल्या वकिलाला पेटंटचे खटले लढता येतात, पण ती परीक्षा देता येत नाही. तेव्हा मुलीला रसायन-जीवशास्त्र मनापासून आवडत असेल आणि औषधकंपन्या, बियाणं, तंत्रज्ञान या बाजूचा कायदा करायचा असेल, तर बारावी सायन्स, मग बीएस्सी, मग तीन वर्षांचं एलएलबी हा उत्तम रस्ता आहे.

आवड नसेल तर मात्र केवळ मार्क आहेत म्हणून सायन्स घेऊ नका. शवविच्छेदनाचा अहवाल किंवा डीएनएचा पुरावा समजायला बारावीचं फिजिक्स लागत नाही. जो वकील तज्ज्ञाला नीट प्रश्न विचारतो त्याला ते समजतं.

वारणेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं जास्तीचं सांगतो. तिला इतिहास आवडतो, वक्तृत्व स्पर्धांत बोलते, गणितात बरी आहे, फिजिक्सची अजिबात आवड नाही. आणि तिला पुढे न्यायाधीश व्हायचंय, हे ती सातवीपासून म्हणते. तिच्या आईला एकच खटकतंय. आमच्या भागात आर्ट्स म्हणजे कमी मार्कवाल्यांची शाखा असं लोक धरतात. वर्गात अभ्यासाचं वातावरण मिळेल का, अशी तिला धास्ती आहे. आणि गणित सुटलं तर पुढे अडेल का?

शाळामास्तर

वहिनींची धास्ती रास्त आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो, म्हणून आतली परिस्थिती सांगतो. काही ठिकाणी कला शाखेचे तास नावालाच होतात, हे खरं आहे. पण काही ठिकाणी फार मनापासून शिकवलं जातं. शाखेपेक्षा कॉलेज पाहा. पसंतीक्रम भरण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. विषयांचे गट विचारा, कारण प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषय नसतो. कला शाखेच्या वर्गात अकरावीचे तास दुपारी बारा वाजता चालू आहेत का, हे स्वतः डोकावून बघा. ग्रंथालयात मुलांना आत बसून वाचू देतात का, तेही विचारा.

गट निवडायला मिळाला तर माझी पसंती अशी: राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि तर्कशास्त्र. पाच वर्षांच्या कोर्समध्ये सुरुवातीच्या वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र हेच विषय पुन्हा येतात. मुंबई विद्यापीठाच्या बीएलएस या पाच वर्षांच्या लॉ कोर्समध्ये तर तर्कशास्त्रही आहे. मुलगी तिथे पोचेल तेव्हा पाया झालेला असेल आणि तिला कायद्याच्या विषयांकडे जास्त लक्ष देता येईल.

तर्कशास्त्र आपल्या राज्य मंडळाकडे आहे आणि घेणारी मुलं फार थोडी, याची मला खरोखर खंत वाटते. वर्गात मी एक उदाहरण देतो. "आरोपी घटनास्थळी असता तर त्याचा मोबाईल त्या टॉवरवर दिसला असता. मोबाईल त्या टॉवरवर दिसतो. म्हणून आरोपी घटनास्थळी होता." निम्म्याहून जास्त वर्ग माना डोलावतो. मग विचारतो, मोबाईल त्याचा भाऊ घेऊन गेला असेल तर? त्याच टॉवरखाली त्याचं दुकान असेल तर? मुलं ताठ बसतात. उलट बाजूचं अनुमान बघा: मोबाईल तिथे नव्हता, म्हणून आरोपी तिथे नव्हता. पहिलं विधान मान्य असेल तर हे बिनचूक आहे. मग बचावाचा वकील हे धरेल आणि सरकारी वकील पहिल्या विधानावरच हल्ला करेल, की फोन घरी ठेवूनही माणूस जाऊ शकतो. एवढं सोळाव्या वर्षी कळलं तर पुढची सगळी वर्षं सोपी जातात.

गणिताबद्दल एवढंच, की ते आवडत असेल तर सोडू नका. लोकमान्य टिळक १८७७ साली गणित घेऊन बी.ए. झाले आणि १८७९ साली एलएल.बी. बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ते बॅरिस्टरही झाले. कला शाखेतही काही कॉलेजांत गणित घेता येतं, चौकशी करा.

दिवाणी_फौजदारी

मास्तरांना अनुमोदन. टॉवरचं उदाहरण माझ्या ज्युनियरांना दाखवणार आहे.

गणित कोर्टात कुठे लागतं ते सांगतो. मोटार अपघाताच्या दाव्यात मयताच्या घरच्यांना किती भरपाई मागायची, हे ठरलेल्या हिशेबानं काढतात. समजा, तीस वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला. कमाई महिना २०,००० रुपये. मागे बायको आणि दोन मुलं. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या प्रगतीचे ४० टक्के मिळवायचे: २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा: २,२४,०००. त्या वयाचा गुणक १७. झाले ३८,०८,०००. अंत्यसंस्कार वगैरे बाबी वेगळ्या. यात नववी-दहावीच्या पलीकडचं गणित नाही. पण प्रगतीचे ४० टक्के लावायचे विसरले तर हीच रक्कम २७,२०,००० येते. जवळजवळ ११ लाख एका विधवेच्या हातून जातात. तेव्हा विषय म्हणून गणित सुटलं तरी चालेल, आकड्यांची भीती मात्र मनात राहू देऊ नका.

न्यायाधीश व्हायचंय हे वाचून आनंद झाला. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे कॉलेजातून थेट परीक्षा देऊन न्यायाधीश, हा रस्ता आता नाही. पाच अधिक तीन अशी मनाची तयारी ठेवा. महाराष्ट्रात या पदाला मराठी उत्तम बोलता, वाचता, लिहिता यावी लागते आणि मराठीतून इंग्रजीत व उलट भाषांतर करता यावं लागतं. मराठी सोडू नका असं का म्हणालो, ते इथे लक्षात येईल.

ताळेबंद

कॉमर्सबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी कॉमर्सवरून बीबीए एलएलबी केलं, आता कंपन्यांची कामं बघते. कंपनी कायदा, दिवाळखोरी, कर, बँकेची कर्जवसुली, या सगळ्यात ताळेबंद समोर येतोच. अकाउंट्स न शिकलेले माझे सहकारी सीएचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करतात, मला मात्र कोणता आकडा कुठून आला ते दिसतं. पोटगीच्या प्रकरणातसुद्धा नवऱ्यानं धंद्यात तोटा दाखवला की बुक-कीपिंग कामी येतं.

मुलीचा ओढा न्यायाधीश होण्याकडे आणि इतिहासाकडे असेल तर मी कॉमर्सचा आग्रह धरणार नाही. फक्त अर्थशास्त्र जरूर घ्या.

अनघा_ठाणे

थोडं अवांतर विचारते. माझा मुलगा सीबीएसईला आहे. त्यांच्या शाळेत अकरावीला लीगल स्टडीज विषय आहे. लॉला जायचं तर तो घ्यायलाच हवा का?

झुळूक

अनघाताई, घ्यायलाच हवा असं नाही. माझ्या वर्गात तो विषय घेतलेले काही जण आहेत. पहिल्या सत्रात करार, अपकृत्य हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते, आम्हाला नवे होते. सत्र संपेपर्यंत तो फरक मिटला. त्याला आवडत असेल तर छानच, पण त्यासाठी शाळा बदलू नका.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे वारसाहक्काच्या आणि जमिनीच्या कामात जुने पोर्तुगीज कागद अजून समोर येतात, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची मुळं इथल्या कौटुंबिक कायद्यात आहेत. काही शाळांत पोर्तुगीज भाषा शिकता येते. इथे राहून वकिली करणाऱ्यानं ती घेतली तर जन्मभर कामाला येते. तुमच्याकडे तसंच मोडीचं आहे. जुन्या नोंदी, इनामाचे कागद मोडीत असतात आणि वाचणारी माणसं थोडी. अकरावीला तो विषय नसला तरी सुट्टीत शिकता येईल.

लेस्टरची_माई

आमच्या इथलंही सांगते. माझी नात इंग्लंडमध्ये लॉला गेली. इथे पदवीलाच कायदा करता येतो आणि त्यासाठी ए लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा) कायदा हा विषय घेतलेलाच असावा असं विद्यापीठं म्हणत नाहीत. तिनं इतिहास, इंग्रजी साहित्य आणि गणित घेतलं होतं. ऑक्सफर्ड, यूसीएल वगैरे ठिकाणी एलनॅट नावाची परीक्षा लागते: ९५ मिनिटांत उताऱ्यांवरचे ४२ प्रश्न आणि मग ४० मिनिटांत एक निबंध. झुळूकनं लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, तिकडे काय नि इकडे काय, तपासतात ते वाचन आणि मांडणीच. तुमच्या लेकीला माझे आशीर्वाद.

वारणेकाठ

काल दोन कॉलेजं पाहून आलो. एका ठिकाणी राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, तर्कशास्त्र असा गट आहे आणि दुसरी भाषा मराठी. तास चालू होते. हिचीही शंका बरीचशी फिटली. आता प्रश्न इंग्रजीचा. मराठी माध्यम असल्यानं क्लॅटच्या त्या उताऱ्यांची तिला भीती वाटते. झुळूक, तू कसं केलंस?

झुळूक

काका, मी आधी इंग्रजीचे क्लास शोधत बसले नाही. राज्यघटना मराठीतही मिळते आणि इंग्रजीतही. दोन्ही शेजारी ठेवून मूलभूत हक्कांचा भाग, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५, एकेक करून वाचला. आधी मराठीत वाचायचं, अर्थ स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचा, मग इंग्रजी. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे इंग्रजी वाक्य लांबलचक असलं तरी घाबरायला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, त्यांचंही तसंच करता येतं.

त्यानंतर रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख. अडलेल्या शब्दाला लगेच कोश उघडायचा नाही, परिच्छेद संपेपर्यंत थांबायचं. शेवटी तीन ओळींत लिहायचं: लेखकाचं म्हणणं काय, त्यानं कारण काय दिलंय, मला ते पटतं का. या तीन ओळी मी सुरुवातीला मराठीतच लिहीत होते. अकरावीची दिवाळी झाल्यावर इंग्रजीत लिहायला लागले. वेळ लावून उतारे सोडवायला त्यानंतर सुरुवात केली. ताईला माझा नंबर हवा असेल तर व्यनि करा, मी तिच्याशी बोलेन.

दिवाणी_फौजदारी

एक कागदपत्रांचं राहिलं. प्रवर्गातून प्रवेश घेणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करून टाका. सायन्सच्या मुलांना कॉलेज आठवण करून देतं, आर्ट्सच्या मुलांना बऱ्याचदा कुणी सांगत नाही आणि मग प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. अधिवास प्रमाणपत्रही काढून ठेवा, राज्यातल्या विधी विद्यापीठांत अधिवासावरच्या राखीव जागा असतात. नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर ते प्रवेशाच्या वर्षी चालू मुदतीचं असावं लागतं, म्हणून ते आत्ता काढायची घाई नको. आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मुलीला एकदा तुमच्या तालुक्याच्या कोर्टात घेऊन जा. बहुतेक खटले खुल्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं. साडेअकराच्या सुमारास पोचा, त्या वेळी साक्षी सुरू झालेल्या असतात.